टाचेचे दुखणे थांबते आणि परत येते: वाढत्या वयातील खेळाडूने खेळ बंद ठेवावा का?

टिपणवही यांचा प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी साडेअकरा वर्षांची आहे. तीन वर्षांपासून ती फुटबॉल खेळते आणि गेल्या वर्षापासून शाळेच्या चमूतून ८०० मीटर शर्यतीतही धावते. सहा महिन्यांपूर्वी तिने उजवी टाच दुखत असल्याचे पहिल्यांदा सांगितले. तेव्हा सराव आटोपल्यावर तासाभरात दुखणे ओसरत असे आणि सकाळी काहीच जाणवत नसे, म्हणून आम्ही ते फारसे मनावर घेतले नाही. घरातील वडीलधाऱ्यांनीही 'वाढीच्या वयात पाय दुखायचेच' असे म्हणून विषय संपवला. पुढे डावी टाचही दुखू लागली. आता तर सामना संपवून बाहेर येताना ती टाच जमिनीला टेकवतच नाही, चवड्यांवर चालत येते.

अस्थिरोगतज्ज्ञांनी टाच दाबून पाहिली, एक्स-रे काढला, 'हे वयामुळे होते, वय वाढले की जाईल' असे सांगितले आणि सहा आठवडे खेळ पूर्ण बंद ठेवायला सांगितला. एक्स-रेच्या अहवालात मात्र टाचेच्या हाडाच्या मागील बाजूचे वाढीचे केंद्र तुकड्यातुकड्यांत विभागलेले आणि नेहमीपेक्षा दाट दिसते, असे लिहिलेले आहे. ते वाक्य वाचल्यापासून हाड मोडल्याची शंका माझ्या मनातून जात नाही. अहवाल हाती आला तेव्हा आम्ही दवाखान्यातून निघालो होतो, त्यामुळे त्याचा अर्थ विचारायचे राहून गेले.

सहा आठवडे तिने खरोखरच काही खेळले नाही आणि दुखणे पूर्ण थांबले. सातव्या आठवड्यात ती मैदानावर परतली आणि आठव्या दिवशी दुखणे पूर्वीइतकेच, किंबहुना थोडे अधिक, सुरू झाले. मला याहून अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की ती आता ते लपवू लागली आहे. विचारले तर 'काही नाही' म्हणते आणि जिना उतरताना मात्र कठडा धरून एकेक पायरी उतरते.

तेव्हा मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एक्स-रेमधील त्या शेऱ्याचा अर्थ काय? पूर्ण विश्रांतीने थांबलेले दुखणे लगेच परत का आले, आणि आता पुन्हा सहा आठवडे तिला घरी बसवणे हाच मार्ग आहे का? आणि हे सारे 'वयाचे' आहे असे मानून आपण एखादी गंभीर गोष्ट नजरेआड तर करत नाही ना, हे कशावरून ओळखावे?

संथचाल यांचे उत्तर

मी भौतिकोपचाराचे (फिजिओथेरपीचे) काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत खेळणारी मुले बरीच असतात. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे आधी स्पष्ट करते. तरीही आपण केलेले वर्णन, म्हणजे वय, दोन्ही टाचा, खेळानंतर वाढणारे आणि विश्रांतीने थांबणारे दुखणे, हे टाचेच्या वाढीच्या केंद्राच्या दुखण्याशी चांगले जुळते. जेम्स सेव्हर या अमेरिकी डॉक्टरांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले, म्हणून आजही ते 'सेव्हर्स डिसीज' या नावाने ओळखले जाते. या नावातील 'डिसीज' या शब्दाने पालकांची जितकी झोप उडवली आहे, तितकी त्या दुखण्याने क्वचितच उडवली असेल. प्रत्यक्षात तो रोग नव्हे. वाढत असलेल्या जागेवर तिच्या सोसण्यापलीकडचा ताण वारंवार पडला, एवढाच त्याचा अर्थ.

मुलांच्या टाचेच्या हाडाला मागच्या बाजूने हाडाचा एक वेगळा कडेचा भाग असतो आणि मूळ हाडाशी तो कूर्चेच्या, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक भागाच्या, थराने जोडलेला असतो. पोटरीची जाड कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, याच भागाला वरून ओढत असते, तळपायाची पट्टी त्याला खालून ओढत असते आणि पाऊल आपटले की धक्काही नेमका तिथेच बसतो. वाढीचा वेग वाढतो त्या काळात हाडांची लांबी वाढते, तिच्या मानाने पोटरीचा स्नायू मागे राहतो आणि कंडरेची ओढ आणखी वाढते, असे याचे पारंपरिक स्पष्टीकरण आहे. मुलींमध्ये हा त्रास साधारण ८ ते १२ या वयात आणि मुलांमध्ये १० ते १४ या वयात अधिक दिसतो, आणि निम्म्याहून अधिक मुलांच्या दोन्ही टाचा दुखतात. पंधराव्या वर्षाच्या आसपास हा भाग मूळ हाडाशी जुळून एकजीव होतो, त्यानंतर या दुखण्याला जागाच उरत नाही. 'वय वाढले की जाईल' हे डॉक्टरांचे म्हणणे त्यामुळे बरोबर आहे, फक्त ते ऐकून पालकांच्या हाती काही लागत नाही, कारण मधल्या काळात काय करायचे हे त्यात येत नाही.

आता एक्स-रे. वाढीचे हे केंद्र तुकड्यातुकड्यांत आणि दाट दिसणे ही त्या वयातील सर्वसाधारण गोष्ट आहे. ज्यांची टाच कधीही दुखलेली नाही, अशा मुलांच्या एक्स-रेमध्येही तेच चित्र दिसते. तो भाग अनेक ठिकाणी एकाच वेळी हाडात रूपांतरित होऊ लागतो आणि ती बेटे नंतर एकत्र येतात. त्यामुळे या दुखण्याचे निदान एक्स-रेवरून होत नाही, ते हाताने होते: टाचेच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबले की मूल पाय मागे ओढते. एक्स-रे काढला जातो तो हाडाची पोकळी, जंतुसंसर्ग किंवा खरोखरीची मोड यांसारख्या वेगळ्या गोष्टी नाहीत ना, हे पाहण्यासाठी. तरीही तो अहवाल घेऊन पुन्हा एकदा डॉक्टरांना भेटा आणि 'हे या वयात नेहमीचे आहे ना' असे थेट विचारा. राहिलेला प्रश्न विचारायला परत जाण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

विश्रांतीबद्दल माझे मत थोडे ठाम आहे. विश्रांतीने दुखणे शमते, पण ताण सोसण्याची ताकद वाढत नाही, उलट सहा आठवड्यांत पोटरी अधिक कमकुवत होते. त्यानंतर मूल पहिल्याच दिवशी पूर्ण सरावाला उभे राहिले, तर कमी झालेल्या ताकदीवर पूर्वीइतकाच भार पडतो. आपल्या मुलीचे दुखणे आठव्या दिवशी परतले ते बहुधा याचमुळे. विश्रांती घेणे चुकीचे नव्हते, विश्रांतीनंतर पायरीपायरीने भार वाढवणे गाळले गेले. म्हणून पुन्हा सहा आठवडे घरी बसवण्याऐवजी मी असे सुचवेन की सध्या लंगडायला लावणारे सर्व काही बंद करावे आणि न दुखणारे सर्व काही चालू ठेवावे. मुलांना शून्य ते दहा अशी वेदनेची पट्टी चांगली समजते. खेळताना दुखणे दोन-तीनच्या वर जात नसेल, चालण्याची ढब बदलत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाच पूर्वपदावर आलेली असेल, तर तेवढा भार तिला पेलतो असे समजावे. या तीनपैकी एक जरी अट मोडली, तरी पुढच्या वेळी भार कमी करावा. लंगडणे सुरू झाले की त्या दिवसापुरता खेळ थांबवावा, यात मात्र घासाघीस नको.

बुटांत टाचेखाली सहा ते बारा मिलिमीटर जाडीचा, फार मऊ नसलेला उंचवटा ठेवला की पोटरीची ओढ कमी होते आणि पुष्कळ मुलांना काही दिवसांतच हलके वाटते. तो दोन्ही बुटांत ठेवावा, एकाच बुटात ठेवून पायांच्या लांबीत फरक निर्माण करू नये, आणि शाळेच्या बुटांतही ठेवावा, कारण दिवसातला अधिक वेळ मूल त्याच बुटांत असते. खेळ झाल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावण्यास हरकत नाही. पोटरी ताणण्याच्या व्यायामाबद्दल मात्र एक सावधगिरी सांगते. दुखणे ऐन भरात असताना मूल पायरीच्या कडेवर उभे राहून टाच खाली सोडते, तेव्हा ज्या जागेला आराम हवा आहे तीच जागा ओढली जाते. पहिले काही आठवडे हलका ताण पुरे, गुडघा सरळ ठेवून एकदा आणि किंचित वाकवून एकदा, कारण पोटरीचे दोन स्नायू या दोन वेगवेगळ्या स्थितींत ताणले जातात. वेदना उतरू लागली की सपाट जमिनीवर दोन्ही पायांनी टाचा उचलण्याचा व्यायाम सुरू करावा आणि तो जमू लागल्यावर एका पायाने करावा. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते याच व्यायामाकडे, कारण तो सुरू करण्याची वेळ येते तेव्हा दुखणे थांबलेले असते.

वेदनाशामक गोळी घेऊन सामना खेळवू नये. गोळीने इशारा बंद होतो, भार तसाच राहतो. मुलांना ॲस्पिरिन तर डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय कधीच देऊ नये. टाचेत स्टिरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे, कारण या दुखण्यात त्याला जागा नाही.

एक गोष्ट पालकांना दिलासा देईल म्हणून सांगते. नेदरलँड्समध्ये ८ ते १५ वर्षे वयाच्या मुलांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत केवळ वाट पाहणे, टाचेखाली उंचवटा देणे आणि भौतिकोपचाराचे व्यायाम या तीन मार्गांची तुलना करण्यात आली होती. तीन महिन्यांनंतर तिन्ही गटांतील मुले स्पष्टपणे सुधारलेली होती आणि गटागटांत फारसा फरक उरला नव्हता. भौतिकोपचार करणाऱ्या व्यक्तीने हे सांगणे व्यवसायाच्या विरुद्ध जाते, पण 'नेमका कोणता उपाय सर्वोत्तम' या शोधात पैसा आणि झोप घालवण्यापेक्षा जो घरात रोज निभेल तो उपाय निवडावा, असे मला वाटते.

मैदानकरी यांचे उत्तर

संथचाल यांनी टाचेविषयी सांगण्यासारखे बरेचसे सांगितले आहे, म्हणून मी टाचेच्या बाहेरचे सांगतो. मी अनेक वर्षे शालेय वयाच्या मुलांना प्रशिक्षण देत आहे, आणि सुरुवातीच्या काळात मीही अशा मुलांना 'थोडे सोस, सवय होईल' असे सांगितलेले आहे. त्यांतील काही मुलांनी मला दुखणे सांगणे बंद केले आणि मी ते बरे झाल्याचे लक्षण समजलो. आपली मुलगी लपवते आहे असे आपण लिहिले, तेव्हा तीच मुले आठवली.

मूल दुखणे लपवते ते बहुधा उत्तराची किंमत ठाऊक असते म्हणून. 'दुखते का?' या प्रश्नाला 'हो' म्हटले की उद्याचा खेळ बंद, हे तिने एकदा सहा आठवडे अनुभवले आहे. म्हणून प्रश्न बदलून पाहा. 'आज सकाळी अंथरुणातून उठल्यावरचे पहिले पाऊल कसे पडले? आकडा सांग,' असे विचारावे आणि आकडा मोठा आला तरी खेळ बंद होणार नाही, फक्त त्याचे रूप बदलेल, हे वचन पाळावे. माझ्या चमूत टाच दुखणारे मूल घरी जात नाही. ते उभ्या जागी चेंडू थोपवण्याचा आणि पास देण्याचा सराव करते, तोल सांभाळण्याचे आणि पोट-पाठ बळकट करणारे व्यायाम करते, आणि जमत असेल तर पळण्याच्या दिवशी पोहते किंवा सायकल चालवते. संघाबाहेर न पडलेले मूल खरे बोलते, एवढे मी शिकलो आहे.

दुसरा मुद्दा हिशेबाचा, आणि माझ्या मते या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला फुटबॉलचे तास ठाऊक असतात, धावण्याच्या प्रशिक्षकाला धावण्याचे, शाळेतील शिक्षकांना खेळाच्या तासिकेचे. या सर्वांची बेरीज मात्र कोणाच्याही वहीत नसते, ती फक्त मुलाच्या टाचेत होते. आठवडाभर सर्व लिहून काढा. एक ढोबळ मोजमाप असे आहे की आठवड्यातील संघटित सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून अधिक नसावेत. त्याखेरीज आठवड्यातून एक-दोन दिवस सरावाला पूर्ण सुट्टी असावी आणि एकाच खेळापासून वर्षभरात मिळून दोन-तीन महिने तरी दूर राहावे. पण तासांवरच विसंबू नका. उडी, एकाएकी थांबणे, दिशा बदलणे आणि वेगाने सुटणे यांची टाचेला पडणारी किंमत संथ धावण्यापेक्षा कितीतरी अधिक असते, त्यामुळे वीस मिनिटांचा उड्यांचा सराव तासभर पास खेळण्यापेक्षा महाग पडू शकतो.

बुटांविषयी थोडेसे. स्टड, म्हणजे तळाला टोकदार खुंट्या, असलेल्या फुटबॉलच्या बुटांत टाच चवड्याच्या मानाने फारशी उंच नसते, आतली गादी पातळ असते आणि कडक, सुकलेल्या मैदानावर स्टड जमिनीत रुततच नाहीत, त्यामुळे धक्का सरळ टाचेत जातो. मैदान टणक असेल त्या दिवशी साधे, गादी असलेले धावण्याचे बूट घालून सराव करू द्यावा. हंगामाच्या सुरुवातीला, दीर्घ सुट्टीनंतर, हा त्रास घेऊन येणारी मुले मला जास्त दिसतात, तेव्हा त्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत भार हळूहळू चढवावा. आणि दर महिन्याला, दिवसाच्या एकाच वेळी, भिंतीशी उभे करून उंचीची खूण करून ठेवा. खुणांमधले अंतर वाढू लागले की उड्या कमी करण्याची वेळ आली, असे समजा.

पायवाट यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. तरीही आपला तिसरा प्रश्न मागे पडू नये म्हणून लिहितो, कारण आमच्या घरी उलटे झाले. माझ्या मुलाला तेराव्या वर्षी एकाच पायाची टाच आणि घोट्याखालचा भाग दुखू लागला. खेळतो, वाढीचे वय आहे, तेव्हा हे वाढीच्या केंद्राचेच दुखणे, असे आम्ही आणि पहिल्या डॉक्टरांनीही धरून चाललो. आठ महिने उंचवटा, बर्फ, व्यायाम सर्व केले आणि काही फरक पडला नाही. या काळात त्याचा तोच पाय वारंवार मुरगळत होता आणि उंचसखल जमिनीवर चालणे त्याला नकोसे वाटत होते, पण या गोष्टींचा टाचेशी संबंध आम्ही जोडला नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी त्याला चवड्यांवर उभे केले आणि मागून पाहिले. चांगल्या पायाची टाच आतल्या बाजूला वळली, दुखऱ्या पायाची जागची हलली नाही. पाऊल आत-बाहेर वळवून पाहिले तर तेही आखडलेले होते. सीटी स्कॅनमध्ये पावलाच्या मागच्या भागातील दोन हाडे जन्मापासून एकमेकांशी जुळलेली आढळली. बालपणी तो सांधा कूर्चेचा, म्हणून लवचीक असतो, आणि वाढत्या वयात त्याचे हाड होऊ लागले की दुखू लागतो.

त्या डॉक्टरांनी मला ज्या खुणा सांगितल्या, त्या आपल्याही उपयोगी पडतील. रात्री झोपेतून उठवणारे किंवा काही न करताही होणारे दुखणे, ताप, टाचेवर लाली किंवा स्पष्ट सूज, वजन घटणे, पडल्या-आपटल्यानंतर पायावर भारच देता न येणे, यांतील काहीही असल्यास वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ सांधे आखडलेले राहणे, हालचालीने ते मोकळे होणे, आणि जोडीला गुडघा, कंबर किंवा दुसऱ्या एखाद्या सांध्याची तक्रार अथवा डोळे लाल होऊन दुखणे असेल, तर मुलांमधील संधिवाताची शक्यता पाहावी लागते, कारण कंडरा जिथे हाडाला जुळते त्या जागी सूज येणे हे त्यातील एका प्रकाराचे लक्षण आहे आणि टाच ही त्याची आवडती जागा आहे. आपल्या मुलीच्या वर्णनात यांतील काही दिसत नाही, हेही मी मुद्दाम नोंदवतो.

'वाढीच्या वयात पाय दुखायचेच' याबद्दल एक शब्द. ज्याला आपण वाढीचे दुखणे म्हणतो ते बहुधा संध्याकाळी किंवा रात्री, दोन्ही पायांच्या पोटऱ्यांत किंवा मांड्यांत होते, सकाळी मूल खडखडीत असते आणि लंगडत मुळीच नाही. लंगडणाऱ्या मुलाला ते स्पष्टीकरण लावू नये.

टिपणवही यांची पुढील नोंद

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. अहवाल घेऊन मी डॉक्टरांना पुन्हा भेटले. तो शेरा या वयात नेहमीचा असल्याचे त्यांनीही सांगितले आणि पाऊल आत-बाहेर वळवून, चवड्यांवर उभे करून पाहिले. दोन्ही टाचा व्यवस्थित वळतात. रात्रीचे दुखणे, ताप किंवा सकाळचा आखडलेपणा नाही.

मग वही घेऊन बसले. फुटबॉलचा सराव आठवड्यातून तीनदा दीड-दीड तास, धावण्याचा तीनदा एक-एक तास, सुट्टीच्या दिवशी दोन तासांचा सामना, आणि शाळेच्या खेळाच्या दोन तासिका चाळीस-चाळीस मिनिटांच्या. बेरीज दहा तास पन्नास मिनिटे झाली. म्हणजे वयाच्या मोजमापात ती बसते, आणि क्षणभर मला वाटले की हिशेबात काही चूक नाही. पण वार मांडले तेव्हा दिसले की आठवड्यातील दोन दिवशी फुटबॉल आणि धावणे एकापाठोपाठ येतात आणि पूर्ण सुट्टीचा दिवस एकही नाही. आणखी एक गोष्ट तिनेच सांगितली, तीही आकड्याचा प्रश्न विचारल्यावर: शाळेत दोरीवरच्या उड्यांची स्पर्धा होती आणि ती रोज मधल्या सुट्टीत वीस मिनिटे मैत्रिणींबरोबर उड्या मारत होती. विश्रांतीनंतर मैदानावर परतली, तोच हा आठवडा. तो तास कोणाच्याच वहीत नव्हता. दाराच्या चौकटीवरच्या खुणांवरून पाहता चार महिन्यांत तिची उंची तीन सेंटिमीटरने वाढली आहे.

दोरी आता बंद आहे, धावणे सध्या थांबवले आहे, फुटबॉलमध्ये ती उभ्या जागेचा सराव करते आणि टाचेखाली उंचवटा आहे. दहा दिवसांत सकाळचा आकडा पाचवरून दोनवर आला आहे. तिला पुन्हा पळायला केव्हा आणि कसे लावावे, आणि उंचवटा किती काळ ठेवावा, एवढेच आता विचारायचे आहे.

संथचाल यांचे उत्तर

दोरीचा शोध तुमच्या मुलीने स्वतः सांगितला, हे मला सर्वांत चांगले लक्षण वाटते.

सकाळचा आकडा सलग आठवडाभर शून्य किंवा एक राहिला, अर्धा तास भरभर चालून दुखले नाही आणि एका पायावर दहा हलक्या उड्या मारता आल्या, की पळणे सुरू करायला हरकत नाही. सुरुवात एक मिनिट संथ पळणे आणि एक मिनिट चालणे अशा दहा फेऱ्यांनी, एक दिवसाआड करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा चढला नाही, तरच पुढच्या वेळी पळण्याचा भाग थोडा वाढवावा. आधी वेळ वाढवावा, नंतर वेग, आणि उड्या व एकाएकी थांबणे सर्वांत शेवटी. पूर्ण सामना खेळण्यापूर्वी दोन आठवडे पूर्ण सराव बिनतक्रार झालेला असावा. फुटबॉल आणि धावणे एकाच दिवशी येणार नाहीत, अशी अदलाबदल दोन्ही प्रशिक्षकांशी बोलून आताच ठरवून टाका, नंतर ते राहून जाते.

उंचवटा एकदम काढू नका. पूर्ण खेळ सुरू होऊन महिनाभर टाच शांत राहिली, की आधी शाळेच्या बुटांतला काढावा आणि त्यानंतर खेळाच्या बुटांत आधी कमी जाडीचा ठेवून मग काढावा. टाचा उचलण्याचा व्यायाम मात्र आठवड्यातून दोन-तीनदा चालूच राहू द्या. तिची उंची अजून वाढायची आहे, त्यामुळे येत्या एक-दोन वर्षांत दुखणे पुन्हा डोकावण्याची शक्यता आहे. तसे झाले तर पहिल्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही. ज्या टप्प्यावर दुखले त्याच्या दोन टप्पे मागे जावे आणि आठवडाभराने पुन्हा चढावे. एवढे करूनही दोन-तीन आठवड्यांत लंगडणे थांबले नाही, किंवा दुखणे एकाच टाचेत राहून वाढत गेले, तर पुन्हा तपासणी करून घ्या. हट्टी दुखण्यात डॉक्टर काही आठवड्यांसाठी पावलाला आधार देणारा लांब बूट किंवा प्लॅस्टर देतात, पण आपल्या मुलीला त्याची गरज पडेल असे आजच्या आकड्यावरून वाटत नाही.